वारांचे जेवण

पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये कंपनी सरकारने, पेशवे विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेच्या रकमेतून, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि पुढे 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल व 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा कोकणातल्या आडगावाहून पुण्यास येऊन ठेपलेल्या निर्धन विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न व्याकरणाचा नव्हे, तर अन्नाचा असे. आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवण, असे सात घरी सात वार लागले, की त्याची तजवीज झाली. एखादा वार रिकामा राहिला, तर माधुकरी, म्हणजे दारोदार मागून आणलेले शिजलेले अन्न, नाहीतर उपास. सोवळे नेसून, झोळीतल्या आमटीचे भांडे हिंदकळू न देता वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या त्या मुलास, कोणत्या माजघरातला हात सढळ आणि कुठे पोळी मोजून पडते, हे पाठातील श्लोकांच्या आधी मुखोद्गत होई. या प्रथेचे गोडवे पुष्कळांनी गाइले आहेत, आणि त्यातले औदार्यही खरे; परंतु ती पंगत मुख्यत्वे ब्राह्मण मुलांपुरतीच होती, हे वगळून तिचा इतिहास लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना या माजघरांचा उंबरठाच बंद होता, त्यांची सोय व्हायला स्वतंत्र वसतिगृहेच हवी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी तसे वसतिगृह काढले, आणि पाठोपाठ इतर समाजांच्या मुलांसाठीही त्या शहरात वसतिगृहे उभी राहिली.