खुंटी, लाकडी (मुलांच्या खोलीतील)

खुंटी, लाकडी : कपडे, दप्तर, टोपी, छत्री अशा वस्तू अडकवण्यासाठी भिंतीत रोवलेला किंवा फळीवर बसवून भिंतीला जोडलेला लाकडी दांडा. मुलांच्या खोलीसाठी तिचे दर्शनी टोक पोपट, हत्ती, कमळ किंवा साध्या गोळ्याच्या आकारात घडवून रंगवतात. शोभा या टोकात असली, तरी वजन पेलतो तो न दिसणारा भाग. म्हणून खुंटीची पारख तिच्या सांध्यावरून करतात.

पूर्वपीठिका : वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या (रसिक नगरवासीयाच्या) खोलीचे वर्णन आहे, तिथे नागदंतावर, म्हणजे हस्तिदंती खुंटीवर, वीणा टांगलेली असते. जुन्या जाड भिंतींच्या वाड्यांत खुंटीचे लांब शेपूट भिंतीत चिणून टाकता येई आणि वरच्या बांधकामाच्या भाराने ते दाबून राही. आजच्या पातळ भिंतीत तेवढी जाडी मिळत नाही. त्यामुळे फळीवर खुंट्या बसवून ती फळी स्क्रूने भिंतीला जोडण्याची पद्धत रूढ झाली.

मिरजेतील खुंटीकाम : मिरजेत ही कला वाद्यांच्या अंगाने वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून इथे तंतुवाद्यनिर्मितीची परंपरा सुरू झाली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चार तारांच्या तंबोऱ्याला चार खुंट्या असतात. तरफेच्या (मुख्य तारांखालील अनुनादी तारांच्या) सतारीला मोठ्या खुंट्यांखेरीज तरफेच्या लहान खुंट्यांची रांगही असते. खुंटीचा दांडा टोकाकडे निमुळता असतो आणि भोकही त्याच उताराचे पाडतात. दोन्ही उतार जुळले की तारेचा ताण केवळ घर्षणावर पेलला जातो. खुंटी घसरू लागली तर दांड्याला खडू चोळतात. मुठीचा आकार साधा गोल किंवा कमळाचा असतो. भिंतीवरच्या खुंटीला हाच काटेकोरपणा लागतो. फरक इतकाच की वाद्याची खुंटी फिरली पाहिजे, भिंतीवरची अजिबात फिरता कामा नये.

घडण : दांड्यासाठी सागवान किंवा शिसम घेतात. पांगारा कोरायला हलका असतो, पण तो दर्शनी नक्षीपुरताच वापरावा. लाकडाचे रेषे दांड्याच्या लांबीला समांतर हवेत. हत्तीच्या सोंडेचाच आकडा करायचा असेल, तर नेमके इथेच चुकते : फळीतून आकृती सरळ कापली की सोंडेच्या वळणावर रेषे आडवे पडतात आणि पहिल्या ओढीला तुकडा पडतो. म्हणून हत्ती दर्शनी फळीवर ठेवून त्याखाली वेगळा कातीव दांडा बसवणे चांगले.

सुमारे 2 सेंमी. जाडीच्या फळीत भोक आरपार पाडतात आणि ते किंचित तिरपे ठेवतात, म्हणजे खुंटीचे टोक वर राहते व दप्तराचा पट्टा निसटत नाही. दांड्याच्या मागच्या टोकाला करवतीने चीर देतात, सरस लावून दांडा भोकात ठोकतात आणि मागून त्या चिरेत पाचर मारतात. चीर फळीच्या रेषांना काटकोनात हवी. समांतर ठेवली तर पाचर फळीच फोडते. नंतर मागची बाजू रंधून सपाट करतात.

रंग : कातीव खुंटी लाखेने रंगवता येते. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. सावंतवाडीची आणि कर्नाटकातील चन्नपट्टणची लाकडी खेळणी या कामासाठी प्रसिद्ध आहेत. तयार रंग वापरताना शिशाचे प्रमाण पाहावे. भारतात घरगुती रंगांसाठी 90 पीपीएम ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे.

बसवणे व सुरक्षितता : दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे 2020 चे केंद्रीय दप्तर धोरण सांगते. म्हणजे खुंटीवर रोजचा भार दोन-चार किलोंचाच पडतो. पण मूल खुंटीला लोंबकळते तेव्हा भार कित्येक पटींनी वाढतो. मजबुती त्या हिशेबाने ठेवावी. वजन टोकाजवळ असले की फळीची वरची कड भिंतीपासून सुटू पाहते; म्हणून फळी एकाच स्क्रूवर न ठेवता दोन्ही टोकांना, तेही खुंट्यांच्या ओळीच्या वर, स्क्रू घ्यावेत. गिलाव्याची जाडी सोडून विटेत पुरेशी आत जाईल एवढी लांब गिट्टी वापरावी. टोक गोल आणि अंगठ्याएवढे तरी जाड ठेवतात. खुंटी मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत कधीही नसावी. हात वर केल्यावर पोहोचेल, पण डोके लागणार नाही, अशी उंची योग्य. मूल वाढले की फळी वर सरकवता यावी, म्हणून ती भिंतीला चिकटवत नाहीत. पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते, तेव्हा वर्षातून एकदा खुंट्या हलवून पाहून स्क्रू आवळावेत.