अ‍ॅम्हर्स्ट कॉलेज : सर्वांसाठी व्यायाम

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजची स्थापना १८२१ मध्ये झाली. विद्यार्थिसंख्या आजही जेमतेम दोन हजारांच्या घरात असली, तरी शारीरिक शिक्षणाच्या इतिहासात या छोट्या महाविद्यालयाचे स्थान महत्त्वाचे आहे.

विद्यार्थ्यांच्या ढासळत्या प्रकृतीची चिंता तत्कालीन अध्यक्ष विल्यम स्टर्न्स यांना होती. त्यातूनच १८६० मध्ये बॅरेट व्यायामशाळा उभी राहिली. पुढच्याच वर्षी डॉ. एडवर्ड हिचकॉक यांची आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. त्यांनी लाकडी डंबेल्सच्या सामूहिक कवायती सक्तीच्या केल्या. विद्यार्थ्यांची उंची, वजन, छाती यांची मापे घेऊन त्यांची पद्धतशीर नोंद ठेवली. १९११ मध्ये निधन होईपर्यंत ते या पदावर होते.

१८९१ मध्ये प्रॅट मैदान तयार झाले. पुढे जलतरण तलाव, बर्फावरील स्केटिंगचे रिंक, स्क्वॅश कोर्ट आणि आधुनिक व्यायामकेंद्र यांची भर पडली. बॅरेटच्या जुन्या इमारतीत आता परकीय भाषांचे विभाग आहेत.

महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत असल्याने येथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. मैदानात उतरणारा खेळाडू आधी विद्यार्थीच असतो. मोजक्या खेळाडूंच्या पदकांपेक्षा सर्व विद्यार्थ्यांचे आरोग्य महत्त्वाचे, हा हिचकॉक यांच्या कार्याचा खरा वारसा होय.