बोरघाटाचे धनको

दिवाळीच्या फराळाशेजारी कर्जाचा विषय वाढणे म्हणजे चकलीच्या ताटात कडुनिंबाचा पाला ठेवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण ज्या सणात लक्ष्मीच्या शेजारी खतावणी मांडून तिला हळदकुंकू वाहतात, त्या सणाला हिशेब वर्ज्य कसा असेल? शिवाय मी पुण्यातील एका बँकेच्या कर्जखात्यात पंचवीस वर्षे काढलेला माणूस. इतिहासाचा नाद लागला तोही त्याच खिडकीतून. इतरांना घाट दिसला की दरी दिसते, धबधबे दिसतात. मला प्रश्न पडतो तो असा, की हा रस्ता करावयास पैसे कोणी दिले, आणि ते परत येतील असे त्याला कशावरून वाटले?

पुण्याहून मुंबईस उतरताना बोरघाटात तीन वाटा एकमेकींच्या आसपास वळणे घेत जातात. एक जुना गाडीरस्ता, दुसरी रेल्वे, तिसरा द्रुतगती मार्ग. त्या कोणी बांधल्या हे पुस्तकांत सापडते. मला येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या धनकोंविषयी.

वाटेवर पैसे घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्यापासून थोड्या अंतरावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात येणारेजाणारे जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा सांगते. मात्र रांजण भरण्याच्या आधीच त्याच्या भरवशावर पैसे उचलणे, ही पुढची पायरी. ती पाहावयाची तर पेशवाईच्या पुण्यात यावे लागते.

पेशव्यांचा दरारा अटकेपर्यंत पोहोचला, पण सावकारांचा तगादा शनिवारवाड्यातच होता. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जापायी झालेल्या हैराणीचे रडगाणे आहे. थोरल्या माधवरावांना १७७२ साली मृत्युशय्येवर जे जिवाला लागून राहिले होते त्यात राज्याचे कर्ज फिटावे हेही होते. अशा दरबारास पैसे देणारा पुण्याचा सावकार काही भोळा नव्हता. त्याच्या व्यवहाराची एक मोठी वाट होती ती 'रसदे'ची. एखाद्या महालावर कमाविसदार नेमला, की त्याने वर्षाच्या अपेक्षित वसुलाचा काही भाग आगाऊच सरकारात भरावयाचा, हीच रसद. कमाविसदार ती बहुधा सावकाराकडून उचली, सरकार त्या रकमेवर व्याज मान्य करी, आणि मग वसूल होईल तसतशी फेड होई.

आता त्या सावकाराच्या जागी बसून पाहा. त्याला तीन प्रश्न सोडवावयाचे असत. पीक येईल का? आले तर त्यातून माझ्या आधी कोण कोण हात घालणार? आणि उद्या दरबाराने कमाविसदारच बदलला, किंवा महालाला सूट देऊन टाकली, तर माझे पैसे कोणाकडे मागावयाचे? पहिला प्रश्न पावसाचा, दुसरा हिशेबाचा, तिसरा राजाच्या शब्दाचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल इजाऱ्याने, जास्त बोली बोलणाऱ्यास, देण्याची चाल वाढली. त्याचा परिणाम एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नोंदला आहे: इजारदाराने फुगवलेली बोली शेवटी रयतेच्या अंगावरून वसूल होई. हे तीन प्रश्न आणि ही फुगवलेली बोली वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढची दोनशे वर्षे याच चार गोष्टी वेष पालटून येतात.

पेशवाई गेली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० च्या नोव्हेंबरात बोरघाटाचा गाडीरस्ता थाटाने खुला केला. हा रस्ता सरकारी पैशाचा. तेथे सावकाराचे काम नव्हते. पुढे १८७५ च्या मुंबई कायद्याने सरकारी रस्त्यांवर टोल बसविण्याची व तो मक्त्याने देण्याची सोय केली. पण जुन्या टोलनाक्याचा मक्तेदार तयार रस्त्यावर वसुली करी. बुडाला तर त्याचा मक्ता बुडे. रस्ता बुडत नसे.

खरा पेच आला तो रेल्वेने. पुणे–खंडाळा गाडी १८५८ साली सुरू झाली. कोकणातून येणारा फाटाही घाटाच्या पायथ्याशी पोहोचला होता. मधला घाट मात्र उतारूंना डोलीतून नाही तर तट्टावरून ओलांडावा लागे. तो घाट फोडण्यास सात वर्षे लागली, पंचवीस बोगदे खणावे लागले. हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ साली येथे येताच दगावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तो ठेका पुढे चालवून पुरा करविला. एप्रिल १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली.

इतक्या धोक्याच्या कामाला विलायतेतील बायाबापड्यांनी, निवृत्त पाद्र्यांनी आणि पेन्शनरांनी आपली शिल्लक कशी दिली? त्यांनी बोरघाट पाहिला नव्हता, आणि गाडीत किती उतारू बसतील हेही मोजले नव्हते. त्यांनी एकच गोष्ट पाहिली. १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. गाडीने कमावले नाही, तर उणे पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाचे. सावकाराचे पहिले दोन प्रश्न एका फटक्यासरशी निकालात निघाले. उरला फक्त तिसरा, आणि त्याचे उत्तर इंग्रज सरकार होते.

पण धोका नाहीसा झाला होता काय? मुळीच नाही. तो लंडनच्या भागधारकाच्या पदरातून उचलून जिराइतात राबणाऱ्या कुणब्याच्या पदरात टाकला होता, आणि त्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. शिवाय नफ्याची खात्री असल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वर्तुळातील रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेवरील सरकारी खर्चाची जी कठोर झडती घेतली, ती मला आजही कर्जतपासणीचा उत्तम धडा वाटते. धनको सुरक्षित आहे एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. तो कोणाच्या जिवावर सुरक्षित आहे, हे त्यांनी पाहिले.

आता तिसरी वाट. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ १९९६ साली स्थापन झाले, आणि सुमारे ९५ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत संपूर्ण खुला झाला. खर्च सुमारे १,६३० कोटी रुपये. त्यासाठी महामंडळाने कर्ज काढले होते. मग २००४ साली एक करार झाला, तो वाचताना मला पेशव्यांच्या रसदेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पंधरा वर्षे टोल घेण्याच्या हक्काबद्दल आयआरबी समूहाच्या कंपनीने महामंडळास ९१८ कोटी रुपये आगाऊ मोजले. महालाच्या जागी महामार्ग, कमाविसदाराच्या जागी कंपनी, आणि मागे सावकाराच्या जागी बँका.

या बँकांनी काय तपासावयाचे, ते एका घरगुती हिशेबाने सांगतो. समजा, टोलाचे वर्षाला १०० रुपये येतात. रस्त्याची देखभाल आणि नाक्यांचा खर्च २० रुपये. राहिले ८०. कर्जाचा हप्ता, मुद्दल आणि व्याज धरून, ६० रुपये. म्हणजे हप्त्याच्या प्रत्येक रुपयामागे हाती एक रुपया तेहतीस पैसे. ठीक दिसते. आता शंभरातल्या वीस गाड्या कमी झाल्या असे धरा. देखभाल काही कमी होत नाही. पाऊस डांबर उखडावयाचे ते उखडतोच. उरले ६०, आणि हप्ताही ६०. वर शिल्लक शून्य. आणखी पाच गाड्या घटल्या की कंपनी पाच रुपयांनी उघडी पडली. म्हणून जाणता धनको सर्व टोल एका राखीव खात्यात जमा करवितो, आधी देखभाल, मग हप्ता, मग अडीअडचणीची शिल्लक, आणि सर्वांत शेवटी मालकाचा नफा, असा क्रम लावतो. कर्ज फिटल्यावरही टोलाची चारदोन वर्षे हाती उरतील असे पाहतो. ती वर्षे म्हणजे त्याची उशी.

२००४ च्या करारात धनकोला आवडाव्यात अशा तीन गोष्टी होत्या. रस्ता तयार होता. गाड्या कल्पनेतल्या नव्हत्या, मोजलेल्या होत्या. टोल दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढणार हे आधीच ठरले होते. मोटारीचा २०१४ सालचा १९५ रुपयांचा टोल २०१७ मध्ये २३० आणि २०२० मध्ये २७० झाला तो त्याच हिशेबाने. तिसरी गोष्ट मला सर्वांत चतुर वाटते. जुन्या महामार्गाची वसुलीही त्याच कंपनीकडे दिली होती. टोल चुकवून जुन्या वाटेने जाणारा माणूस तेथेही त्याच मालकाच्या नाक्यावर येई.

मुदत संपल्यावर २०२० च्या आरंभी सुमारे दहा वर्षांचा हक्क त्याच समूहाने ८,२६२ कोटींस घेतला, आणि महिना उलटतो न उलटतो तोच टाळेबंदी आली. मार्चअखेर देशभर टोलवसुली थांबली. ती राष्ट्रीय महामार्गांवर २० एप्रिलला पुन्हा सुरू झाली. पावसाचा प्रश्न असा कधी कधी साथीच्या रूपाने येतो.

राजाच्या शब्दाची परीक्षा मात्र कोल्हापुरात झाली. शहरातील रस्ते एका कंपनीने बांधले आणि २०१३ साली टोल सुरू झाला. गावाला तो मान्य नव्हता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यामागे गाव रस्त्यावर उतरले, नाके जळाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल कायमचा रद्द झाला. त्याच वर्षी राज्यभर १२ नाके बंद झाले, आणि आणखी ५३ नाक्यांवर मोटारींना व एसटीला सूट मिळाली. कंपन्यांची भरपाई सरकारने पत्करली, म्हणून धनको फारसे पोळले नाहीत. गाडीवाल्याच्या खिशातून जावयाचे ते करदात्याच्या खिशातून गेले. मी कोल्हापूरकरांना दोष देत नाही. ज्याच्याकडून वसूल करावयाचे त्याची संमती हीही एक तारणाची वस्तू आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. ती करारावर सहीशिक्क्याने येत नाही, म्हणून पुष्कळदा मोजावयाची राहून जाते.

आणि हिशेबाच्या प्रश्नाने २०१८ साली सर्वांची झोप उडविली. १९८७ साली क्रिसिल निघाल्यापासून आपल्याकडे कर्जरोख्यांना श्रेणी देणाऱ्या संस्था आहेत. त्यांची सर्वोच्च श्रेणी 'एएए'. आयएल अँड एफएस या, रस्त्यांत मोठा पैसा घातलेल्या समूहाला ती श्रेणी ऑगस्टपर्यंत होती, आणि सप्टेंबरात ती 'डी' वर, म्हणजे थकबाकीदारांत, आली. पुणे–नाशिक रस्त्यावरील खेड–सिन्नर टप्पा याच समूहाच्या एका कंपनीकडे होता. समूहावरचे कर्ज नव्वद हजार कोटींच्या वर. वीस वर्षांनी फळणाऱ्या रस्त्यांसाठी थोड्या मुदतीचे पैसे उचलले, एका कंपनीने दुसरीला दिले, दुसरीने तिसरीला. कोणाच्या आधी कोणाचा हात, हे ओळखणे कठीण झाले. त्या रोख्यांत अनेक भविष्यनिर्वाह निधींचे पैसे होते. मानांकनाची चार अक्षरे न वाचलेला गिरणीतला फिटर आणि शाळेतली बाई त्या दिवशी नकळत धनको ठरली.

तेव्हा हा विषय बँकवाल्यांचाच आहे असे मानू नये. आपला निधी, आपला विमा, आपली मुदतठेव कोठेतरी एखाद्या रस्त्यावर धावत असते. 'अर्धा टक्का जास्त देतो' असे कोणी सांगत आला, तर पुण्याच्या जुन्या सावकाराचे तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: पीक कशाचे, आधी हात कोणाचा, आणि शब्द कोणाचा. आणि जेव्हा एखादा म्हणेल की यात धोकाच नाही, तेव्हा रावबहादूर जोश्यांचा चौथा प्रश्न काढावा: मग तो ठेवला आहे कोणाच्या पदरात? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर थैलीचे तोंड बांधून घ्यावे आणि चहा पाजून त्याची बोळवण करावी.