'सामाजिक ताण' : हृद्रोगशास्त्रातील एका संज्ञेचा इतिहास

इ. स. १९७८ मध्ये न्यू यॉर्क येथील एका संशोधकगटाने हृद्रोगावर एक निबंध प्रसिद्ध केला. हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेल्या, ३५ ते ७४ वर्षे वयाच्या १७३९ पुरुषांच्या हृदयाचा विद्युत आलेख त्यांनी तासभर सलग घेतला होता आणि पुढे तीन वर्षे त्या पुरुषांचे काय झाले याची नोंद ठेविली होती. निलयातून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, वेळेआधीच उमटणारे ठोके ज्यांच्या आलेखात दिसतात त्यांना आकस्मिक मृत्यूचे भय अधिक असते, हे याच गटाने आदल्या वर्षी दाखविले होते. नव्या निबंधात आढळले ते निराळेच होते. गुंतागुंतीच्या अकाली ठोक्यांचा दोष दोघांच्याही आलेखात सारखाच. परंतु ज्यांचे शालेय शिक्षण आठ वर्षे वा त्याहून कमी झालेले होते त्यांच्यापैकी ३३ टक्के तीन वर्षांत अकस्मात मरण पावले, तर अधिक शिकलेल्यांपैकी ९ टक्के. मनुष्य कितवी इयत्ता शिकला हे त्याच्या हृदयाला कसे कळावे, हा प्रश्न या आकड्यांनी उभा केला.

प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. तथापि या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुढील पाव शतकात संशोधकांनी जी नावे योजिली, 'शिक्षण', 'ताण', 'एकाकीपणा' आणि शेवटी 'विषण्णता', त्यांचा क्रम भाषेच्या अभ्यासकानेही लक्षात घेण्याजोगा आहे. नाव बदलले की उपायही बदलतो. आणि येथे उपाय म्हणजे कोणाच्या तरी जगण्यामरण्याचा प्रश्न.

मनःक्षोभाने हृदय बिघडते ही कल्पना अर्थातच जुनी आहे. विल्यम हार्वीने १६२८ च्या आपल्या ग्रंथात मनाच्या प्रत्येक प्रक्षोभाचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो असे नमूद केले आहे. लंडनचा विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यास छातीत कळा येण्याचा विकार होता, आणि जो कोणी उपद्व्यापी मनुष्य आपणास चिडवील त्याच्या हाती आपले प्राण आहेत, असे तो म्हणत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या सभेत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला, हंटर संतापून उठला आणि तेथेच गतप्राण झाला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. त्याचा शिष्य एडवर्ड जेनर याने या विकाराचे कारण आधीच ताडले होते. परंतु गुरूला आपल्या रोगाची भीषणता कळू नये म्हणून त्याने मौन पत्करले होते. शास्त्राच्या इतिहासात अशी कनवाळू मौने क्वचितच आढळतात.

हंटरच्या गोष्टीत ताण आहे, परंतु तो एका क्षणाचा आहे. १९७८ च्या निबंधातला मनुष्य कोणत्याही सभेत संतापलेला नव्हता. त्याला समजून घेण्यासाठी आधी ठोक्यांची मोजदाद शक्य व्हावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्टहोव्हनने हृदयाची विद्युत्स्पंदने कागदावर आणली. १९६१ मध्ये मॉन्टानातील नॉर्मन होल्टरने अंगावर बाळगून हिंडता येईल अशा नोंदयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, झटका आलेल्या रोग्यांना एकत्र ठेवून त्यांच्या ठोक्यांवर अहोरात्र पहारा ठेवणारे कक्ष रुग्णालयांतून निघू लागले. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो तेथे व्रण राहतो. विद्युत्‌प्रवाह त्या व्रणाभोवती अडखळतो, कधी वळसा घालून पुन्हा त्याच मार्गात शिरतो, आणि निलय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागते. मग काही मिनिटांत मृत्यू. अकाली ठोका ही या थरथरीची पूर्वसूचना होय, अशी समजूत दृढ झाली.

आणि सूचना असेल तर ती दाबून टाकावी, असा विचार पुढे आला. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात झटक्यातून वाचलेल्यांना असे ठोके थांबविणारी औषधे देण्यात आली. ठोके थांबले. परंतु १९८९ मध्ये त्यांपैकी दोन औषधांचा प्रयोग घाईने बंद करावा लागला, कारण ती घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मरण पावले होते, आणि निरौषध गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. चिन्ह पुसल्याने चिन्हित वस्तू नाहीशी होत नाही, हे भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागते. येथे ते कळून येण्यास फार मोठी किंमत पडली.

दरम्यान न्यू यॉर्कच्या गटाने 'शिक्षण' या शब्दाची उकल हाती घेतली होती. शिक्षण हे मृत्यूचे कारण असू शकत नाही, ते कशाचे तरी अन्य नाव असले पाहिजे, हे रूबरमन, वाइनब्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांस उमगले होते. प्रोप्रॅनोलॉल या औषधाच्या मोठ्या चाचणीत सहभागी झालेल्या २३२० पुरुषांची त्यांनी मुलाखत घेतली. नोकरीतील कनिष्ठ स्थान, मोठी आर्थिक अडचण, मनाविरुद्ध पत्करावी लागलेली निवृत्ती, मोडलेला संसार अशा गोष्टींची विचारपूस त्यांत होती. तशीच मित्र-आप्तांकडे जाणेयेणे आहे काय, एखाद्या मंडळाचे वा प्रार्थनामंदिराचे सभासदत्व आहे काय, याचीही. १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आयुष्यात ताणही फार आणि एकाकीपणाही फार, त्यांना तीन वर्षांत मृत्यू येण्याचा धोका, दोन्ही कमी असणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक होता. कमी शिकलेल्यांत या दोन्ही गोष्टी सर्वांत जास्त आढळल्या आणि शिक्षणामुळे दिसणारा फरक त्यांतच सामावला. आणखी एक गोष्ट होती, आणि ती माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे : अकाली ठोके पुष्कळ असोत वा थोडे, हा वाढीव धोका दोन्ही गटांत दिसला. म्हणजे १९७८ मध्ये जो प्रश्न ठोक्यांच्या आधाराने उभा राहिला, त्याचे उत्तर ठोक्यांच्या पलीकडे सापडले.

येथे 'ताण' या शब्दाविषयी थोडे लिहिणे भाग आहे. इंग्रजीतील मूळ शब्द यंत्रशास्त्रातून आला. तेथे पदार्थावर पडणारे बळ आणि त्यामुळे पदार्थात होणारा बदल यांना दोन स्वतंत्र नावे आहेत. हान्स सेल्ये याने हा शब्द शरीरशास्त्रात रूढ केला तेव्हा हा भेद नाहीसा झाला. आपण योजिला तो शब्द चुकीचाच होता, आपले इंग्रजी तेव्हा पुरेसे चांगले नव्हते, अशी कबुली त्याने पुढे दिली. मराठीतील 'ताण'ही तोच संदिग्धपणा घेऊन आला आहे. ताण घरमालकाने दिला की भाडेकरूला आला, हे शब्दावरून कळत नाही.

मराठीत याहून जुना व अधिक उपयोगी शब्द आहे. 'काळीज' हे मुळात यकृताचे नाव. संस्कृत 'कालेय' शब्दाशी त्याचा संबंध लावला जातो. पुढे ते हृदयाचेही नाव झाले, आणि भीतीने ठोका चुकला की तो काळजाचाच चुकतो. 'काळजी' हा शब्दही त्याच कुळातला मानतात. ती 'करावी' लागते तेव्हा मनाला कुरतडते, आणि दुसऱ्याने 'घेतली' तर आधार देते. प्रस्तुत लेखकाचे वडील झटक्यानंतर रुग्णालयातून घरी आले तेव्हा त्यांच्या कागदावर औषधांच्या यादीखाली 'काळजी घ्यावी' आणि 'काळजी करू नये' अशी दोन वाक्ये एकाखाली एक लिहिलेली होती. आई आधीच गेली होती आणि आम्ही भावंडे आपापल्या नोकरीच्या गावी होतो. घेणारे व करणारे दोन्ही तेच. त्यानंतर ते दोन वर्षे जगले. १९८४ चा निबंध माझ्या वाचनात आला तो त्यानंतर, आणि 'ताण' व 'एकाकीपणा' या दोन संज्ञा मला त्या दोन वाक्यांचे भाषांतर वाटल्या.

पुढील इतिहास उपायांचा आहे आणि तो फारसा उत्साहवर्धक नाही. माँट्रियल येथे झटक्यातून उठलेल्या रोग्यांना दरमहा दूरध्वनी करून त्यांच्या मनःस्थितीची चौकशी करावयाची आणि ती बिघडलेली वाटल्यास परिचारिकेने घरी जावयाचे, अशी योजना आखण्यात आली. पुरुषांवरील पहिल्या प्रयोगाचे फळ आशादायक दिसले. परंतु १९९७ मध्ये ९०३ पुरुष व ४७३ स्त्रिया यांच्यावरील मोठ्या प्रयोगात पुरुषांना काहीच लाभ झालेला दिसला नाही; स्त्रियांपैकी तर ज्यांच्याकडे परिचारिका जात होती त्यांच्यात मृत्यू १०.३ टक्के आणि इतरांत ५.४ टक्के होते. हा फरक केवळ योगायोगाचाही असू शकेल, इतका तो सीमेवरचा आहे. पण १९७८ व १९८४ च्या दोन्ही निबंधांत स्त्री मुळीच नव्हती, आणि पुरुषांच्या मुलाखतींतून घडलेली संज्ञा तिच्यासाठीही खरी धरली गेली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

तोवर नावही पुन्हा बदलले होते. १९९३ पासून 'विषण्णता' ही संज्ञा पुढे आली. झटक्यानंतर विषण्ण झालेले रोगी पहिल्या सहा महिन्यांतच अधिक संख्येने दगावतात, असे माँट्रियलच्याच २२२ रोग्यांच्या अभ्यासात आढळले होते. मग अमेरिकेत २४८१ विषण्ण वा आधारहीन रोग्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांना विचारांची व वर्तनाची घडी बसविणारे मानसोपचार मिळाले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार त्यांची विषण्णता थोडी कमी झाली, एकाकीपणाही थोडा कमी झाला. परंतु सरासरी २९ महिन्यांनंतर मृत्यू वा पुन्हा झटका यांपासून बचावलेले उपचार मिळालेल्यांत ७५.८ टक्के होते आणि न मिळालेल्यांत ७५.९.

या अपयशाची अनेक कारणे सांगितली जातात. विषण्णता फार थोडी कमी झाली, दोन गटांतील अंतर काळानुसार ओसरले, इत्यादी. ती खोटी नाहीत. पण नावांचा क्रम समोर ठेवला म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. १९७८ मध्ये विचारले गेले ते शाळेविषयी. १९८४ मध्ये नोकरी, पैसा, निवृत्ती आणि शेजारपाजार यांच्याविषयी. १९९३ नंतर विचारले जाऊ लागले ते मनाविषयी. प्रत्येक टप्प्यावर कारण मनुष्याच्या बाहेरून आत सरकत गेले आणि जे आत आले त्यावरच उपचार झाला. ज्याची नोकरी हलकी आणि कर्ज मोठे होते त्याच्याशी बोलण्यासाठी शिकलेली व्यक्ती आली. नोकरी व कर्ज यांना कोणत्याही प्रयोगात हात लागला नाही. तो लावणे वैद्यकाच्या कक्षेतले नाही असे कोणी म्हणेल, आणि ते मान्य करावे लागेल. मात्र मग १९८४ ची संज्ञा तपासली गेली असे म्हणता येणार नाही. तपासली गेली ती तिच्या जागी आलेली दुसरी.