फिट्झजेरल्ड, बॅरी
(१० मार्च १८८८ – ४ जानेवारी १९६१). आयरिश नट. मूळ नाव विल्यम जोसेफ शील्ड्ज. जन्म डब्लिन येथे, एका प्रॉटेस्टंट कुटुंबात. नट आर्थर शील्ड्ज हा त्याचा धाकटा भाऊ. बॅरी प्रथम बोर्ड ऑफ ट्रेडच्या दप्तरात व पुढे बेकारी विमा कचेरीत नोकरीस होता. दिवसा हजेरीपटावर सही करावी आणि रात्री ॲबी थिएटरच्या रंगमंचावर उभे राहावे, हा परिपाठ त्याने वर्षानुवर्षे चालविला. वरिष्ठ अंमलदारांच्या डोळ्यांवर हा उद्योग येऊ नये म्हणून घेतलेले नावच पुढे जगाला ठाऊक झाले.

शॉन ओकेसीच्या 'जूनो अँड द पेकॉक' (१९२४) या नाटकातील कॅप्टन बॉइल ही त्याची सर्वश्रेष्ठ भूमिका. कामाचे नाव निघताच पाय दुखू लागणारा हा बढाईखोर ऐतखाऊ बेकारी कचेरीतल्या कारकुनाला अपरिचित असण्याचे कारण नव्हते. अखेरच्या प्रवेशात मुलगा मारला गेलेला, बायको व मुलगी घर सोडून गेलेल्या, सामानसुमान जप्त झालेले. आणि यातले काहीही न उमगलेला बॉइल मित्रासह झिंगत येऊन जगाच्या अंदाधुंदीवर प्रवचन झोडतो. येथे हास्य आणि भय एकाच वाक्यात नांदवावे लागतात. 'द प्लाऊ अँड द स्टार्स'मध्ये (१९२६) त्याने फ्लूथर गुड साकारला. त्या नाटकाच्या प्रयोगात प्रेक्षकांनी दंगल माजविली, तेव्हा ॲबीचा संचालक, कवी डब्ल्यू. बी. येट्स याने मंचावर येऊन त्यांची कानउघाडणी केली. ओकेसीचेच 'द सिल्व्हर टॅसी' लंडनमध्ये व्हावयाचे ठरले, तेव्हा १९२९ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्याने सरकारी नोकरीचा राजीनामा दिला.

'द प्लाऊ अँड द स्टार्स'वरील चित्रपटासाठी (१९३६) दिग्दर्शक जॉन फोर्डने त्याला हॉलिवुडला नेले. 'गोइंग माय वे'मधील (१९४४) हेकट, वृद्ध पाद्री फादर फिट्झगिबन या एकाच भूमिकेसाठी तो प्रमुख व साहाय्यक अशा दोन्ही ऑस्कर पारितोषिकांच्या यादीत झळकला. साहाय्यक नटाचे पारितोषिक त्याला मिळाले, प्रमुख नटाचे सहनट बिंग क्रॉस्बीकडे गेले आणि अशी द्विरुक्ती पुन्हा होऊ नये म्हणून नियम बदलण्यात आला. युद्धकाळातील ते पारितोषिक प्लास्टरचे होते. घरात गोल्फचा सराव करताना त्याने त्या पुतळ्याचे मुंडके उडविले. 'द नेकेड सिटी'तील (१९४८) पोलीस अधिकारी सोडल्यास हॉलिवुडने त्याला बहुधा लाडिक, विक्षिप्त आयरिश म्हाताऱ्याच्याच साच्यात बसविले, आणि बॉइलमधील विखार त्यात हरवला. तथापि 'द क्वायट मॅन'मधील (१९५२) लग्ने जुळविणारा, मद्यगृहासमोर आपोआप थबकणाऱ्या घोड्याचा मालक मायकलीन हा त्या साच्यातलाही अव्वल नमुना होय. 'ब्रॉथ ऑफ अ बॉय' (१९५९) हा त्याचा अखेरचा चित्रपट. तो डब्लिन येथे निवर्तला.