अपुऱ्या दिवसांचीं बालकें व औषधाची परीक्षा

मातेच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें बालकास मुख्यतः गर्भवासाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मिळतात. अपुऱ्या दिवसांचें बालक या ठेव्यास मुकतें, आणि जंतूंपुढें दुबळें ठरतें. म्हणून न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्यें अशा बालकांस आधींपासूनच पेनिसिलिन व सल्फिसोक्साझोल देत. डॉ. विल्यम सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनीं चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून त्याची ऑक्सिटेट्रासायक्लिनशीं तुलना केली. १९५६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : सल्फाच्या गटांतच अधिक बालकें दगावलीं, व अनेकांच्या मेंदूंत काविळीचा पिवळा रंग उतरलेला आढळला. सल्फा रक्तांतील प्रथिनास चिकटलेलें हें पिवळें द्रव्य मोकळें करतें, असें जेरार्ड ओडेल यांनीं १९५९ सालीं दाखविलें. सद्धेतूनें दिलेलें औषधही परीक्षेवांचून हितकर मानूं नये, हेंच खरें.