चेंडू, कापड आणि पृथ्वीचे पृष्ठफळ

१/ पृथ्वी गोल आहे, हे प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांना मान्य होते. पण तिचे पृष्ठफळ किती? थोर ज्योतिर्विद लल्ल यांचे उत्तर भास्कराचार्यांनी नोंदवून ठेवले आहे: २,८५,६३,३८,५५७ चौरस योजने.

२/ लल्लांचा नियम असा: गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ. पृथ्वीचा व्यास ते १०५० योजने धरतात. मात्र क्षेत्रफळाला लांबीने गुणले की घनफळाच्या जातीची राशी हाती येते, पृष्ठफळाची नव्हे. परिणामी उत्तर सुमारे ८२५ पट फुगले.

३/ इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. लल्लांच्या ग्रंथावर विवरण लिहिणारे हेच भास्कराचार्य ‘गोलाध्याया’त त्यांचा हा नियम स्पष्टपणे नाकारतात.

४/ त्यांची युक्ती साधी आहे. चेंडूच्या परिघाच्या निम्मा व्यास असलेले गोल कापड घ्या. त्याने अर्धा चेंडू झाकला जातो, शिवाय चुण्या पडून थोडे कापड उरते. या कापडाचे क्षेत्रफळ चेंडूच्या मध्यवर्तुळाच्या जेमतेम अडीच पट. मग अर्ध्या गोलाचे पृष्ठफळ त्याहून अधिक कसे असेल?

५/ खंडनावर ते थांबले नाहीत. आवळ्यावरील रेषांप्रमाणे गोलाचे उभे काप कल्पून त्यांनी अचूक नियम सिद्ध केला: पृष्ठफळ म्हणजे मध्यवर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट, अर्थात परीघ गुणिले व्यास. ग्रीक गणिती आर्किमिडीजही इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात याच निष्कर्षाला पोहोचला होता. भास्कराचार्यांच्या मते पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने. त्यावरून पृष्ठफळ आले ७८,५३,०३४ चौरस योजने.

६/ आता घनफळ. इ. स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’तील गोलाच्या घनफळाचा नियम सदोष होता. भास्कराचार्यांनी गोल असंख्य सूच्यांचा बनलेला मानला: प्रत्येकीचे टोक केंद्रात, पाया पृष्ठावर, उंची त्रिज्येएवढी. सूचीचे घनफळ पाया गुणिले उंचीच्या एकतृतीयांश; म्हणून गोलाचे घनफळ = पृष्ठफळ × व्यास ÷ ६.

७/ तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांचा नातू चांगदेव याने आजच्या चाळीसगावजवळील पाटण येथे या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला; तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो. तिथे शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथातच हा धडाही होता: पूर्वसूरींचा ग्रंथ आदराने वाचावा, पण त्यातील नियम मोजून पाहावा.